गंधार जरा खाली

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी समूहगान चालवायची माझी पाळी आली. समोर अर्धगोलात चोवीस जण उभे, मध्ये लाकडी चौथरा, पियानोचं झाकण बंद. मी हात उचलला, पहिली मात्रा दाखवली आणि सवयीनं स्वतःच मोठ्यानं गायला लागले. दुसरी ओळ सुरू व्हायच्या आत मार्गदर्शक बाईंनी मला थांबवलं. रागावल्या अजिबात नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही गाताय. मग ऐकतंय कोण?"

मला उत्तर सुचलं नाही. मी खाली उतरले, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले आणि उरलेला तास तोच प्रश्न डोक्यात घेऊन गायले.

एकोणीस वर्षं मी फलटणला शाळेत संगीत शिकवते. पाचवी ते नववी, आठवड्याला प्रत्येक वर्गाचा एक तास. समोर हार्मोनियम, डाव्या हाताला भाता, उजवा हात पट्ट्यांवर आणि माझा आवाज सगळ्यांत वर. मुलं माझ्या मागून म्हणतात. प्रार्थना, स्वागतगीत, पंधरा ऑगस्टचं समूहगान, सगळं याच पद्धतीनं बसवलेलं. मी विशारद केलंय, ख्याल शिकलेय, पण पन्नास मुलांना एकत्र गायला कसं लावायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मुलं बेसूर होतात तेव्हा नेमकं काय होतं, तेही मला सांगता येत नव्हतं. मी फक्त अजून मोठ्यानं गायचे.

म्हणून गेले. हंगेरीतल्या केच्केमेत गावी, संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या नावाच्या कोदाय इन्स्टिट्यूटमध्ये, समूहगायक आणि समूहगान चालवणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात होणाऱ्या शिबिराला. तिथं हे आंतरराष्ट्रीय शिबिर १९७० पासून भरतं, इन्स्टिट्यूट १९७५ मध्ये सुरू झाली. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला ऐन पावसाळा. जुलैत शाळा जोरात सुरू असते, त्यामुळे बिनपगारी रजा टाकली. व्हिसासाठी मुंबईला दोन खेपा झाल्या. आठ महिने रात्री जेवणं आटोपल्यावर पाच रेघांचं पाश्चात्त्य स्वरलेखन शिकत बसले. पालखी फलटणहून पुढे बरडकडे गेली, दादा नेहमीप्रमाणे त्यांच्या दिंडीत टाळ घेऊन चालायला लागले आणि तीन दिवसांनी मी विमानात बसले.

बुडापेस्टहून केच्केमेतला जायला रेल्वेनं सव्वा तास लागतो. सपाट मैदान, सूर्यफुलं, मका, जर्दाळूच्या बागा. झोल्तान कोदाय यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते आणि १८८२ मध्ये त्यांचा जन्म या स्टेशनाच्या इमारतीतच झाला. हे वाचून गेले होते, तरी फलाटावर पाय ठेवल्यावर बॅग खाली ठेवून मी मिनिटभर तशीच उभी राहिले. इन्स्टिट्यूट म्हणजे अठराव्या शतकातला जुना फ्रान्सिस्कन मठ. जाड पांढऱ्या भिंती, कमानींचे लांब ओटे. ओट्यावर कुणी गुणगुणलं तरी सूर लांबपर्यंत जातो आणि हळूच परत येतो. जवळच नगरपालिकेची फुलांच्या नक्षीची इमारत आहे, तिथल्या घंटा कोदायची चाल वाजवतात. ज्या गावात नगरपालिकेच्या घंटा संगीतकाराची चाल वाजवतात त्या गावाबद्दल मला पहिल्याच दिवशी माया वाटली.

सकाळचा पहिला तास सोल्फाचा. डो रे मि फा सो ला टि. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की डो म्हणजे पेटीची पांढरी एक पट्टी. तिथं तसं नाही. डो सरकता, अगदी आपल्या सासारखा. जिथं ठेवाल तिथं. म्हणजे ही पद्धत आपल्याला परकी नाहीच, पण नावं मात्र फार छळतात. मि ऐकलं की माझा गळा मध्यमावर जायचा आणि तो असायचा गंधार. सो ऐकलं की षड्ज लागायचा आणि तो असायचा पंचम. सोबत हाताच्या खुणा. डोला मूठ, मिला आडवा तळहात, सोला तळहात स्वतःकडे, टिला वर तर्जनी. या खुणा एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी बसवल्या, कोदाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आपल्या शिक्षणात घेतल्या. मला वाटलं होतं खुणा बालवर्गासाठी असतील. दुसऱ्या दिवशी शिक्षकानं उजव्या हातानं एक स्वर दाखवला, डाव्या हातानं दुसरा, अर्ध्या वर्गाला उजवा हात आणि अर्ध्याला डावा. फळ्यावर काही लिहिलेलं नाही, वाजवायला काही नाही, आणि दहा मिनिटांत आम्ही दोन आवाजांत गात होतो. मी त्या रात्री खोलीत आरशासमोर दोन्ही हातांनी वेगवेगळे स्वर दाखवायचा सराव केला. फार अवघड आहे. करून बघा.

खरी ठेच मला लागली ती ला या स्वराला. कोमल गंधाराच्या चालींना ते डोपासून मोजत नाहीत, ला हाच आधार धरतात. मला पटेना. आधारस्वर म्हणजे सा, त्याला ध कसं म्हणायचं? मग त्यांनी एक लोकगीत शिकवलं. मोर उडतो आणि कचेरीच्या वाड्यावर जाऊन बसतो, गरीब कैद्यांची सुटका व्हावी म्हणून. याच चालीवर कोदायनी १९३९ मध्ये वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. चाल कानावर पडली आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अगं बाई, हा धानी!" आपला धानी राग. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पाचच स्वर. चालीचा पहिला अर्धा भाग जसाच्या तसा पाच स्वर खाली उतरवून दुसरा अर्धा होतो. आता भूप रागाचे पाच स्वर घ्या आणि धैवताला सा माना. काय मिळतं? धानी. आपण याला मूर्च्छना म्हणतो, परीक्षेला तिच्यावर टीप लिहितो आणि विसरतो. तिथं सहा वर्षांचं पोर ती गाऊन बघतं, नाव न घेता. शेजारी बसलेल्या जपानी शिक्षिकेला मी वहीत भूप आणि धानी लिहून दाखवले. तिनं तिच्या गावाकडचं एक अंगाईगीत हळू आवाजात म्हणून दाखवलं, तेही पाच स्वरांचं. आम्हा दोघींची इंग्रजी बेताची होती, पण त्या दुपारी आम्ही तासभर बोललो.

हंगेरियन लोकगीतं जवळजवळ सगळी थेट समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, उठतात हेही तिथं कळलं. कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या पहिल्या अक्षरावरच जोर असतो. मला मुखडा घेऊन समेवर यायची सवय, त्यामुळे पहिले दोन दिवस मी सारखी आधी श्वास सोडून बसायचे.

आता गंधाराबद्दल लिहिते, कारण त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलेय.

मला आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात, उभं केलं होतं. माझा सा काळी चार, खालचा आवाज भरलेला, त्यामुळे ते ठीकच होतं. शिबिरातल्या सगळ्यांचा मिळून एक मोठा समूह, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज. माझ्या मागे बासमधले दोन उंच गृहस्थ. ते खर्जात गेले की माझ्या पाठीला थरथर जाणवायची. एका गाण्याच्या शेवटी सगळे आवाज थांबतात आणि एकच स्वरमेळ राहतो, खाली सा, मध्ये प, वर सा आणि आम्हा आल्टोंकडे फक्त गंधार. समूह चालवणाऱ्या संचालकांनी तो स्वरमेळ धरायला लावला आणि आमच्याकडे बघून तळहात किंचित खाली केला. पुन्हा धरला. पुन्हा हात खाली. आल्टो, तुमचा स्वर चढा आहे.

मी मनातून दुखावले. गंधार मला येत नाही? मी तर नेमका हार्मोनियमचा गंधार लावत होते!

आणि तिथंच उत्तर होतं. हार्मोनियम, पियानो यांत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं बारीक माप; सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर बसतो. तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून आपोआप जो गंधार उमटतो, आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो, तो ३८६ वर असतो. चौदा सेंट खाली. हे मला पुस्तकात पाठ होतं. पण एकोणीस वर्षं पेटी कानाशी घेऊन बसल्यावर गळा पेटीचाच झाला होता. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. तो निर्णय मला नेहमी कठोर वाटत आलाय, कारण पेटी नसती तर माझ्यासारखीला खेड्यात गाणं शिकवताच आलं नसतं. पण त्या दिवशी त्या जुन्या वादातल्या माणसांना काय खुपत होतं ते माझ्या गळ्याला कळलं.

तिसऱ्यांदा स्वरमेळ धरला तेव्हा मी डोळे मिटले. गुरुजींच्या खोलीतला तानपुरा आठवला. माडीवरची ती खोली, खिडकीशी टेकवलेला भोपळा, संध्याकाळी दिवा लावायच्या आधीची वेळ. खालच्या बासमधून येणारा सा ऐकला आणि त्याच्या आत जो गंधार होता त्याच्यावर माझा ठेवला. शेजारच्या दोघी माझ्याबरोबर खाली आल्या की मी त्यांच्याबरोबर गेले, माहीत नाही. पण हवेतली एक बारीक थरथर होती ती थांबली. सगळा आवाज एकदम मोठा झाला, कुणीही जोर न लावता. संचालकांनी हात खाली केला नाही. स्वरमेळ संपवायचीही खूण केली नाही, श्वास पुरेल तोवर तो तसाच राहू दिला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एकटीनं गाताना तानपुऱ्यात सूर मिसळल्याचा अनुभव मला आहे. पण तिथं तानपुरा नव्हता. माणसंच होती.

दुसरी गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी. पूर्ण गाणं झालं की संचालक खिशातून स्वरकाटा (ट्यूनिंग फोर्क) काढायचे, गुडघ्यावर हलकेच आपटून कानाशी न्यायचे. स्वरकाटा पांढरी सहाचा, ४४० कंपनांचा. एकदा आम्ही अर्ध्या स्वरानं उतरलो होतो. सगळे एकदम. प्रत्येकाला आपण सुरात आहोत असंच वाटत होतं आणि एकमेकांशी होतोही. सरकला होता तो सा! आपल्याकडे हे होऊच शकत नाही, तानपुरा सा खिळवून ठेवतो. गवई भटकला तरी सा जागेवर असतो. तिथं सा कुणाच्याच ताब्यात नाही. तो सगळ्यांनी मिळून वाहून न्यायचा असतो, आणि एक जण जरी ऐकायचा थांबला तरी तो निसटतो. मी वर्गात मोठ्यानं गात होते तेव्हा मुलांचा सा मी एकटी धरून बसले होते. त्यांना तो कधी हातात दिलाच नव्हता.

संचालनाचे तास दुपारी. चारच्या ठेक्याला हात खाली, आत, बाहेर, वर. तीनला खाली, बाहेर, वर. हे तासाभरात येतं. अवघड आहे ते पहिल्या मात्रेच्या आधीचं. हात वर जातो तेव्हा समोरच्यांनी श्वास घ्यायचा असतो आणि तुमचा हात ज्या वेगानं, ज्या वजनानं वर जाईल तसाच श्वास त्यांना मिळतो. झटक्यानं उचलला तर गळे आवळतात. मी खांदे वर करून उचलायचे, तर सगळ्या सोप्रानोंचा पहिला सूर टोचरा यायचा. माझ्या खांद्यांमुळे! एका ब्राझीलच्या मुलाचा हात इतका मऊ होता की त्याच्यासमोर उभं राहिलं की नुसतं बरं वाटायचं. तो रोज दुपारी जेवण सोडून अंगणातल्या झाडाखाली सराव करायचा.

गायिका म्हणून मला दोन सवयी सोडाव्या लागल्या. एक मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर मी घसरत जाते, ते माझ्या अंगात आहे. तिथं पुढच्या स्वरावर सरळ पाय ठेवायचा. दुसरी म्हणजे माझा मोकळा आ-कार. सगळ्यांचा आ एकाच आकाराचा झाल्याशिवाय आवाज मिसळत नाहीत. पहिल्या आठवड्यात यानं मी हिरमुसले होते, कारण माझ्या गळ्यातलं माझं काढून घेतल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात ते दुःख कमी झालं. पूर्ण गेलं असं म्हणणार नाही.

आषाढी एकादशी आली. खानावळीत थंड आंबट चेरीचं सूप आणि मांस होतं. मी उकडलेले बटाटे आणि जर्दाळू खाल्ले. त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकानं आपल्याकडचं काहीतरी शिकवायचं होतं. मी आधी एक देशभक्तीपर समूहगान लिहून नेलं होतं. आयत्या वेळी कागद बाजूला ठेवला आणि सगळ्यांना दोन रांगांत समोरासमोर उभं केलं, दिंडीत टाळकरी राहतात तसं. एका रांगेनं "ज्ञानोबा माउली" म्हणायचं, दुसरीनं "तुकाराम". टाळ नव्हते, टाळ्या होत्या. पावली शिकवली. पाय आधी चुकले, मग जमले. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला बासमधल्या त्या दोघांनी खाली सा धरून ठेवला, कुणी सांगितलं नव्हतं. एक ग्रीक बाई त्यावर पंचम लावून राहिली. मी हात उचलून काही दाखवत नव्हते. दिंडीत वीणेकरीही हात दाखवत नाही, तो मध्ये उभा असतो आणि सगळे त्याला धरून असतात. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर अजून उजेड होता, रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकत होती. मी दादांना फोन लावून तो गजर ऐकवला. ते पंढरपुरात गर्दीत होते, त्यांना माझं काही ऐकू आलं नाही, मला मात्र त्यांच्याकडचे टाळ ऐकू आले.

परतून आल्यावर सहावीच्या वर्गात पेटी उघडली नाही. मुलांनी विचारलं, "बाई, पेटी बिघडली का?" स्वरकाटा गुडघ्यावर आपटला, प्रत्येकाच्या कानाशी नेला, सगळ्यांना तो हातात धरायचा होता. अख्खा तास त्यातच गेला आणि जाऊ दिला. मग भूप. अर्धा वर्ग सा रे ग प ध सां म्हणतो, पहिला गट गंधारावर पोचला की दुसरा सा उचलतो. ग आणि सा, प आणि रे, ध आणि ग, सां आणि प. कुठंही बोचत नाही, कारण भूपात शेजारशेजारचे अर्धस्वर नाहीतच. कोदाय लहान मुलांना पाच स्वरांपासून सुरुवात करायला सांगतात ते याचसाठी. पहिल्यांदा जमलं तेव्हा मुलं गाता गाता थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधीच तोंड उघडत नाही, म्हणाला, "बाई, परत."

हिवाळ्यात एका समूहगान स्पर्धेला गेलो. नाव सांगत नाही. कडव्यात आठच मात्रा दोन आवाज होते. परीक्षकांच्या कागदावर शेरा आला, "काही मुले वेगळ्या सुरात गात होती." मुलं रडली. मी त्यांना शब्दांत समजवायला गेले नाही. परत येताना एसटीत मागच्या सीटांवर त्यांनी तेच कडवं पुन्हा घेतलं आणि लोणंद येईपर्यंत सोडलं नाही.

आता माझी अडचण सांगते. कोदायनी मुलांसाठी दोन आवाजांच्या छोट्या रचनांच्या चार वह्या लिहिल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९०५ पासून, ते खेडोपाडी जाऊन, मेणाच्या नळकांड्यांवर गाणी मुद्रित करून आणत होते. संगीतकार बेला बार्टोक त्यांचे सोबती. १९०६ मध्ये दोघांनी मिळून पहिली वीस गाणी छापली. आधी गाणी गोळा झाली, मग वह्या. माझ्याकडे चौदा तुकडे झालेत. भोंडल्याची पाच, आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची तीन, बाकीचे भूप, धानी आणि दुर्गातले. भोंडल्याची गाणी या कामाला फार सोन्यासारखी आहेत, तीन-चार स्वरांत फिरतात आणि मुलं फेर धरून आपोआप ताल राखतात. पण चौदा म्हणजे दोन महिन्यांचं काम. आणि आजीच्या ओव्यांच्या चाली मी आठवणीतून लिहिल्यात, त्यातल्या एकीचा मध्यम शुद्ध होता की तीव्र याची मला खात्री नाही. विचारायला आजी नाही.

तुमच्या घरी कुणी ओव्या, पाळणे, भलरी, भोंडला म्हणणारं असेल तर मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. पेटी लावू नका, सोबत तुम्ही गाऊ नका, पंखा बंद करा. त्यांना त्यांच्या पट्टीत, त्यांच्या सावकाशीनं म्हणू द्या. त्यांची परवानगी असेल तर इथे खाली प्रतिक्रियेत मला कळवा. गाव आणि कुठल्या प्रसंगी म्हणायचे एवढं लिहा. सहावीचा वर्ग गुरुवारी चौथ्या तासाला असतो, नवीन चाल आली की मी पहिल्यांदा त्यांनाच ऐकवते.